जुन्या मॉडिफाय गाडीत फ्लेक्स फ्युएल सेन्सर : जळगावच्या गॅरेजचा अनुभव

मॉडिफाय केलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत फ्लेक्स फ्युएल सेन्सर (इंधनात इथेनॉल किती टक्के आहे ते मोजणारा) बसवायला गाडी पुण्या-मुंबईला न्यायची गरज नाही. जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या गॅरेजमधून मी हे काम करून घेतलं. सेन्सर उत्तम आहेच, पण या कामात सेन्सरपेक्षा बसवणाऱ्याचा हात मोठा, हे माझं मत आता पक्कं झालंय.

गाडी आहे जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक. टर्बो आहे, इंजेक्टर मोठे आहेत आणि कंपनीच्या ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) जागी स्पीडुइनो हा आपल्याला हवा तसा ट्यून करता येणारा ईसीयू आहे. ही गाडी ट्यून केली तेव्हा पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आलं आणि बघता बघता सगळ्या पंपांवर तेच मिळायला लागलं. आता गणित बघा. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई१० ला साधारण १४.१ आणि ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. नव्या गाडीचा ईसीयू एवढा फरक सांभाळून घेतो. माझी गाडी फुल बूस्टवर असते, म्हणजे टर्बो पूर्ण जोरानं हवा कोंबत असतो, तेव्हा मात्र ईसीयू त्यात आधी भरून ठेवलेल्या इंधनाच्या आकड्यांच्या टेबलावरच चालतो. टेबल १० टक्क्यांचं आणि टाकीत २० टक्के, म्हणजे गाडी चार-पाच टक्के लीन (हवेच्या मानानं इंधन कमी). टर्बो इंजिन बूस्टवर लीन चालवणं म्हणजे पिस्टनशी खेळ.

त्यात माझं पुण्याला येणं-जाणं असतं. ई१०० चे प्रायोगिक पंप जून २०२१ मध्ये पुण्यातच सुरू झाले होते आणि मार्च २०२४ मध्ये इथेनॉल १०० पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर आलं. नाव १०० असलं तरी त्यात इथेनॉल ९३ टक्क्यांच्या आसपास असतं. ते भरून जळगावला यायचं आणि वरून इथलं ई२० टाकायचं, की टाकीत नेमकं काय आहे ते कोणीच सांगू शकत नाही. मला दोन मॅप (दोन इंधनांसाठी दोन वेगळी ट्यूनिंग) ठेवून बटण दाबत बसायचं नव्हतं. गाडीनं स्वतः ओळखलं पाहिजे. (इथेनॉल १०० फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठीच आहे, साध्या गाडीत कोणी हौसेनं भरू नका. आणि गाडीतल्या बदलांना मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू होतं, त्यामुळे आधी आरटीओत विचारून घ्या.)

सेन्सर कॉन्टिनेंटलचा, जनरल मोटर्सच्या गाड्यांत येतो तोच. त्याच्या आतून इंधन वाहतं आणि तो त्याची विद्युत धारकता मोजतो. ही धारकता ज्यावर ठरते तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक पेट्रोलचा २ च्या जवळपास, इथेनॉलचा २४-२५. एवढी तफावत असल्यामुळे मिश्रण ओळखणं त्याला सोपं जातं. तीन वायर असतात : १२ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नल ५० हर्ट्झ आला की शून्य टक्के, १५० आला की शंभर. मधलं सगळं सरळ रेषेत, म्हणजे ७० हर्ट्झ म्हणजे २० टक्के. त्याच सिग्नलच्या पल्सच्या रुंदीवरून इंधनाचं तापमानही कळतं. इंधनात पाणी किंवा घाण असेल तर आकडा १८० च्या पुढे जातो, म्हणजे तो बिघाडही सांगतो. एवढ्याशा डबीत हे सगळं!

पण घेताना जपून. मी आधी ऑनलाइन मागवला तो नकली निघाला. वरचं छापील काम हुबेहूब, पण टाकीत काहीही असो, सिग्नल हलायचा नाही. पैसे परत मिळवायला बरीच झटापट करावी लागली. दुसरा गॅरेजवाल्या नानांनी त्यांच्या ओळखीच्या इंपोर्टरकडून बिलासकट मागवून दिला. महाग पडला, पण बिल हातात होतं.

आता नानांच्या कामाबद्दल. माझा विचार होता की इंजिनकडे जाणाऱ्या मुख्य लाइनीत सेन्सर बसवावा. नानांनी बॉनेट उघडलं, लाइनी हातानं चाचपल्या आणि म्हणाले, "भाऊ, आठे नको. तठे लावूत, रिटर्नले." कारणही सांगितलं. सेन्सरच्या आतली वाट अरुंद असते. फुल बूस्टला इंजेक्टरना जेव्हा सगळ्यात जास्त इंधन हवं असतं, तेव्हाच मुख्य लाइनीत अडथळा कशाला? या सिटीत इंधन रेलमधून (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीतून) फिरून दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरवाटे टाकीकडे परत जातं, तेव्हा परतीच्या लाइनीत बसवलं तरी मिश्रण तेच मोजलं जातं आणि दाबावर परिणाम होत नाही. ज्या गाड्यांना रिटर्न लाइनच नसते, त्यांना मात्र पुढच्याच लाइनीत बसवावा लागतो.

जागाही त्यांनी विचार करून निवडली. या इंजिनचं एक्झॉस्ट आणि टर्बो पुढच्या बाजूला, तर इनटेक फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला आहे. सेन्सर फायरवॉलला, रबरी बुश घातलेल्या ब्रॅकेटवर, आत हवेचा बुडबुडा अडकणार नाही अशा बेतानं. सिग्नलची वायर डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरींपासून लांब, उलट्या बाजूनं फिरवून नेली. आधीचा रबरी होज काढून पीटीएफईचा (टेफ्लॉनचा), वरून स्टीलच्या जाळीचा होज घातला. काढलेला जुना तुकडा त्यांनी माझ्यासमोर दुमडून दाखवला. आतून बारीक भेगा पडल्या होत्या. बाहेरून तो धडधाकट दिसत होता. २००० च्या आसपासची कुठलीही गाडी ई२० वर चालवत असाल, तर सेन्सर राहू द्या, पण होज एकदा बघून घ्याच.

सेन्सरच्या दोन्ही तोंडांना क्विक कनेक्ट जोड येतात. नानांनी प्रत्येक जोड क्लिक झाल्यावर जोरात ओढून बघितला. मग इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून पंप दाब धरेपर्यंत थांबायचं, कोरड्या कपड्यानं प्रत्येक जोड पुसायचा, पुन्हा चावी. हे त्यांनी कंटाळा न करता बराच वेळ केलं. पोरगा शेजारी अग्निशामक घेऊन उभा. अशी शिस्त मी मोठ्या शोरूममध्येही बघितलेली नाही.

वायरिंगमध्ये एक गोष्ट लक्षात ठेवा. हा सेन्सर स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त सिग्नलची लाइन खाली ओढतो. म्हणून ती लाइन एरवी वर धरून ठेवायला ५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर (पुल-अप) लागतो. तो नसेल तर ईसीयूला काहीच दिसत नाही आणि लोक सेन्सरला दोष देतात.

मग खरी परीक्षा. नानांनी १०० मिलीचा काचेचा मोजपात्र काढला, त्यात १० मिली पाणी आणि ९० मिली टाकीतलं पेट्रोल घालून हलवलं आणि ठेवून दिला. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर वाढतो. थर २७ च्या खुणेला थांबला. म्हणजे ९० मध्ये १७ मिली इथेनॉल, १९ टक्क्यांच्या आसपास. लॅपटॉपवर सेन्सर १९ दाखवत होता. तो क्षण बघून मन भरलं.

ट्यूनिंग स्पीडुइनोत सोपं आहे. इथेनॉल शून्य टक्के असेल तर इंधन १०० टक्के, इथेनॉल शंभर टक्के असेल तर १६३ टक्के. १४.७ ला ९ नं भागा, हाच आकडा येतो. इग्निशन टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) मात्र हळूहळू, नॉक (इंधन अवेळी पेटल्याची ठकठक) ऐकत वाढवावं. इथेनॉल जास्त असलं की गाडी खूप जास्त टायमिंग सहन करते, कारण बाष्पीभवन होताना ते आतली हवा थंड करतं. मेच्या उन्हात भुसावळ रोडला हा फरक सीटमध्ये बसून जाणवतो. ई२० वर चढावर टायमिंग मागे घ्यावं लागायचं, आता मिश्रणात इथेनॉल जास्त असलं की गाडी तशीच ओढते. ॲव्हरेज मात्र पडणार, कारण इथेनॉलच्या लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते. धुळ्याच्या थंडीत सकाळी चालू होताना गाडी कुरकुरते, त्यासाठी स्टार्टिंगचं टेबल वेगळं जुळवावं लागलं. शिरपूर-शहाद्याकडे एवढा मका पिकतो आणि इथेनॉल आता मक्यापासूनही होतं, त्यामुळे मला या इंधनाबद्दल आकस नाही. फक्त टाकीत किती आहे ते कळलं पाहिजे.

गॅरेजबद्दल तक्रारी दोन. वेळ पाळत नाहीत. काम चांगलं होतं, पण सांगितलेल्या दिवशी होत नाही. आणि बसायला सावली नाही, एप्रिल-मेमध्ये थांबायचं असेल तर टोपी-गमछा आणि पाणी सोबत ठेवा. मजुरी वाजवी, जोडांचे आणि होजचे पैसे वेगळे, सगळं लिहून देतात.

जाणार असाल तर टाकी पाव भरलेलीच न्या, लाइन खोलताना बरं पडतं. ईसीयूची जुनी ट्यून फाइल पेनड्राइव्हवर घ्या. आणि सेन्सर तुम्ही आणला असेल तर पाण्याच्या चाचणीशी त्याचा आकडा बसवण्याआधीच ताडून मागा. नाना नाही म्हणत नाहीत.