चुण्यांचा गडद निळा स्कर्ट, वर्षभर वापरून झाल्यावर

पाचपैकी तीन तारे. चौथा द्यायचं मनात होतं, पण खालच्या दुमडीच्या रेघेपायी तो हुकला.

लेकीच्या गणवेशातला हा स्कर्ट. चारही बाजूंनी चुण्या, डाव्या अंगाला चेन, कमरेच्या पट्टीत आतून काजं असलेलं इलॅस्टिक आणि ते अडकवायला बटण. लेबलावर 65 टक्के पॉलिएस्टर, 35 टक्के व्हिस्कोज. दोन घेतले, आलटून पालटून वर्षभर वापरले. चेन एकदाही अडली नाही, रंग उतरला नाही.

चुण्यांना मात्र पूर्ण गुण. धुवा, झटका, कमरेकडून टांगा, इस्त्रीचं नाव नको. पॉलिएस्टर तापलं की नरम पडतं आणि थंड होताना ज्या घडीत असेल ती घडी धरून बसतं. कारखान्यात एकदा बसवलेली चुणी म्हणूनच वर्षभर हलत नाही. घोळ असा, की खालची दुमडही त्यांनी तशीच तापवून दाबलेली असते.

सहा महिन्यांत लेक पाच सेंटीमीटर वाढली आणि शाळेच्या दारात अडकली. त्यांच्याकडे नियम असा: गुडघे टेकल्यावर स्कर्टची कड जमिनीला लागली पाहिजे. हिची दोन बोटं वर राहिली. डायरीत शेरा आला, ‘स्कर्ट आखूड केला आहे. पालकांनी लक्ष द्यावे.’ केला आहे! स्कर्ट होता तेवढाच होता हो, पोरगी वाढली होती. त्या रात्री दुमड उसवली. आत चार सेंटीमीटर माया, म्हणजे दुमडून ठेवलेलं जादा कापड, निघाली, त्याबद्दल शिवणाऱ्याचे आभार, हल्ली इतकी कोणी ठेवत नाही. पण जुन्या दुमडीची रेघ गुडघ्यापाशी लख्ख उमटलेली. व्हिनेगरचं ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली, थोडी फिकटली. जास्त दाबली तर गडद कापडाला चकाकी येते, तीही आली. दुसऱ्या दिवशी दारातल्या बाईंनी त्या रेघेवरच बोट ठेवलं, ‘म्हणजे कालपर्यंत इथवर होता तर!’ नियम पाळल्याचा पुरावा अंगावर घालून गेलेली मुलगी पुन्हा ओरडा खाऊन आली.

आता कमरेची पट्टी. इथे मी सगळ्यात जास्त शिकले. मी मोठ्या कौतुकाने स्कर्ट लांब करून दिला, तर लेक म्हणते, ‘आई, आता मला एक वळसा जास्त घालावा लागतो.’ कसला वळसा? मग तिने आरशासमोर करून दाखवलं. पट्टी बाहेरच्या बाजूला दुमडत न्यायची. पट्टी तीन सेंटीमीटर रुंद, म्हणजे दर वळशाला स्कर्ट तीन सेंटीमीटर वर. दारातून आत शिरेपर्यंत शून्य, वर्गात दोन, मधल्या सुट्टीत तीन. इलॅस्टिक मऊ असल्यामुळे गुंडाळी छान बसते, हे गुणांत धरायचं की दोषांत, तुम्ही ठरवा. तिसऱ्या वळशाला मात्र बटण पोटात रुततं आणि चुण्या छत्रीसारख्या उघडतात. कमरेचा तो फुगवटा झाकायला ऐन उकाड्यात स्वेटर. कोणी बाई दिसल्या की पहिली बघणारी खोकते आणि अख्खी रांग एका हिसक्यात खाली. या हिसक्यांनीच एका स्कर्टचं बटण तुटलं. (मी ते दुहेरी दोऱ्याने लावलंय, आता कापड फाटेल पण बटण येणार नाही.)

मी विचारलं, इतकी हौस आहे का आखूड घालायची? ही पोरगी सुट्टीच्या दिवशी घोट्यापर्यंतचा झगा घालून लोळत असते. म्हणाली, ‘त्या मोजतात म्हणून.’

मग एक दिवस जिन्याजवळ एकीला गुडघे टेकायला लावलं, तर मागून येणाऱ्या अकरा जणी न सांगता तिच्या शेजारी बसल्या. लांब स्कर्टवाल्याही बसल्या, आणि दोन मुलगे फुलपँटीत. कोणी काही बोललं नाही. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. त्यानंतर जमिनीवर बसवणं बंद झालंय, डायरीतले शेरे चालू आहेत. त्या दिवशी कडेला लागलेली धूळ एका धुण्यात गेली, हेही नोंदवते.

मुलग्यांवरून आठवलं. जून 2017 मध्ये इंग्लंडातल्या एक्सेटरमध्ये उकाड्यात हाफपँट घालू देईनात, तेव्हा मुलगे सरळ गणवेशातलाच स्कर्ट घालून शाळेत गेले होते. त्यांना तो हवेशीर वाटला म्हणे. वाटणारच. हवेशीरपणाला माझ्याकडूनही पैकीच्या पैकी.

एक तक्रार कंपनीकडे नाही, शाळेकडे जाते. चेनीजवळ शाळेचं बोटभर बोधचिन्ह भरलेलं आहे, सदरा बाहेर आला की दिसतही नाही. पण त्याच्यामुळे असाच दुसरा स्कर्ट दुसरीकडून घेता येत नाही. इंग्लंडमध्ये गणवेशाच्या खर्चावर 2021 मध्ये कायदा झाला, आणि बोधचिन्हाच्या वस्तू कमीत कमी ठेवा असं शाळांना सांगितलं गेलं. इथे ते एक बोट भरतकाम मला दर वर्षी त्याच एका काउंटरसमोर उभं करतं.

घेणाऱ्यांसाठी: कमरेचं माप बघून घेऊ नका, इलॅस्टिक सांभाळून घेतं. उंचीला एक माप मोठा घ्या. आणि खालची कड न शिवलेला मिळतो का ते विचारा. यंदा मी विचारलं, मिळाला. घरी धावदोरा घालून दुमडलाय, दुमडीवर इस्त्री अजिबात फिरवलेली नाही, आत सात सेंटीमीटर माया आहे.

लेकीने नवा स्कर्ट हातात घेतला, पट्टी चिमटीत धरून पाहिली. ‘ही जरा जाड आहे गं. किती वळसे बसतील?’

मी टेप लावून बघितलं. दोन.