व्हिडिओतला सूट वेगळाच होता

स्कूबा मी तारकर्लीला शिकलो. तिथे तीन मिलीमीटर जाडीचा वेटसूट (निओप्रीन या फोमसारख्या रबराचा घट्ट सूट, ज्यात थोडं पाणी शिरतंच) घातला की भागतं, त्यामुळे थंडी हा विषय डोक्यात कधी आलाच नाही. मग नोकरीसाठी इंग्लंडमध्ये लेस्टरला आलो. जवळच स्टोनी कोव्ह आहे, ग्रॅनाइटच्या जुन्या खाणीत पाणी साठून झालेलं. हिवाळ्यात ते पाणी पाच-सहा अंशांवर असतं.

आधी वाटलं, जाडजूड सात मिलीमीटरचा वेटसूट घ्यावा. डाइव्हिंगच्या सोबत्यांनी वेड्यात काढलं. निओप्रीनची ऊब त्यातल्या बारीक बुडबुड्यांमुळे असते. दहा मीटरवर दाब दुप्पट झाला की ते चेपतात, म्हणजे जिथे गारठा जास्त तिथेच सूट पातळ. ड्रायसूटच घे, त्यात पाणी शिरतच नाही, म्हणाले. नव्याच्या किमती बघितल्या आणि मी जुन्याच्या शोधाला लागलो.

जाहिरात मिळाली: 320 पौंड, ‘सील नवे, दाब देऊन तपासलेला’, वर आतून घालायचा उबदार अंडरसूट फुकट. सील म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून मानेला आणि मनगटांना घट्ट बसणाऱ्या रबरी पट्ट्या. माणूस फोनवर गोड बोलला. व्हिडिओही पाठवला: सूट हवेने टम्म फुगवलेला, वरून साबणाचं पाणी, एक बुडबुडा नाही. पैसे मात्र ‘मित्राला पाठवतोय’ असं निवडून पाठव म्हणाला, कमिशन वाचेल. कमिशन त्याचं वाचणार होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

खोकं आलं. मानेचं लॅटेक्स सील कसं चकाकत होतं! मी लगेच घालून फोटो काढला. आई म्हणाली, चंद्रावर चाललास की काय. ते सील दोन्ही हातांनी ताणून बघितलं असतं तर बारीक चिरा दिसल्या असत्या. लोकांना चुना लावतात, मला सिलिकॉनचा स्प्रे लावला होता.

जानेवारीतला रविवार. सहा-सात मीटरवरच्या पायरीवर पोचलो तोच दोन खांद्यांच्या मधे कुणीतरी बर्फाची कांडी फिरवल्यासारखं झालं. घाम असेल, म्हणून पुढे गेलो (किती मूर्खपणा!). मग पाणी कमरेपर्यंत उतरलं. आमच्या सूटचं कापड पातळ, त्याला स्वतःची ऊब काहीच नाही. ऊब देते ती अंडरसूटमध्ये अडकलेली हवा. तो भिजला की संपलं, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा वीसपंचवीस पट वेगाने ओढून घेतं. बोटं सूटमध्ये हवा भरायचं बटण दाबेनात. सोबत्याला अंगठा वर करून दाखवला. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘झकास’ नसतो, ‘वर चला’ असतो. काठावर आलो तर पायात बादलीभर पाणी, शिडी चढवेना. त्याने अक्षरशः ओढून काढलं.

दुरुस्तीवाल्याने पाठीवरची झिप वाकवून दाखवली. दातांच्या कडेची पट्टी तडकलेली, त्यात गोंद, वरून मेण. झिप आणि तिन्ही सील बदलायचे 290 पौंड झाले. घरी येऊन व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातल्या सूटला जाड रबरी बूट जोडलेले. माझ्या सूटला मऊ मोजे आहेत. पंधरा वेळा बघूनही दिसलं नव्हतं.

विकणाऱ्याने ‘जसा आहे तसा विकला’ एवढं लिहून मला ब्लॉक केलं. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितलं, मित्राला दिलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नाही. दुकानातून क्रेडिट कार्डाने घेतलं असतं तर इथल्या 1974 च्या कायद्याच्या 75 व्या कलमाखाली कार्ड कंपनीला तरी धरता आलं असतं.

जुना घेणारच असाल तर स्वतः जा. सील ताणा, झिप टोकापासून टोकापर्यंत वाकवून बघा, आणि पैसे देण्याआधी तपासणी तुमच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे होऊ द्या. विकणारा ‘कशाला उगाच’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

परवा तोच व्हिडिओ दुसऱ्या नावाच्या जाहिरातीत दिसला. बूट तेच. तक्रार नोंदवली, आणि मग हे लिहायला बसलो.