वॉरंटीत इंजिनचं हेड बदलून मिळालं, पण २३ दिवस लागले

गाडी पेट्रोल, साडेतीन वर्षं झालेली, ६१ हजार किलोमीटर, कंपनीची मूळ वॉरंटी संपलेली आणि वरून घेतलेली एक्सटेंडेड चालू. मे महिन्यात धुळ्याचं लग्न आटपून इंदूरला परत येत होतो, पळासनेर सुटलं, बिजासन घाटाचा चढ लागला आणि टेम्परेचरचा काटा सरळ वर. आई मागे बसलेली, बाहेर आग. मी गाडी बाजूला घेईपर्यंत बायकोनं मीटरचा फोटो काढला, काटा आणि किलोमीटर दोन्ही दिसतायत असा, मग इंजिन बंद ते बंदच, परत सेल मारला नाही. गरम रेडिएटरचं झाकण कुणी उघडू नका हो, पाणी उकळून अंगावर येतं. टोइंगवाला आला, फ्री किलोमीटर संपल्यावरचे पैसे आम्ही भरले आणि रात्री अकराला राजेंद्र नगरच्या घरी पोचलो.

आता सर्विस सेंटरचं. इंदूरमधलंच अधिकृत आहे, नाव लिहीत नाही. पहिल्या वेळी त्यांनी एक होज पाइप बदलला, कूलंट भरलं आणि दोन दिवसांत गाडी हातात दिली. ॲडव्हायझर म्हणाला, "कूलंट कम था सर, और कुछ नहीं." दोन आठवड्यांत बाटली परत खाली! काटा वर गेला नाही, पण पार्किंगच्या फरशीवर एक थेंब नाही आणि सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर, गोडसर वासाचा, तोही उन्हाळ्यात. बाहेर गळत नाही आणि तरी कमी होतंय म्हणजे कूलंट इंजिनच्या आतच जळतंय, हे त्यांना पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. याचा मला खरंच राग आहे, कारण त्या दोन आठवड्यांत मी आईला त्याच गाडीतून दवाखान्यात नेत होतो.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी अडून बसलो की कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट आणि कम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय जॉब कार्ड बंद करायचं नाही. तिसऱ्या सिलिंडरचं कम्प्रेशन कमी निघालं, म्हणजे आतला दाब टिकत नव्हता. मग हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं इंजिनचं झाकण, उघडायला माझी सही मागितली, त्यात लिहिलेलं की क्लेम नाकारला तर उघडण्या-बसवण्याची मजुरी गिऱ्हाइकाची. हे वाचून सही करा, घाईत करू नका. एस्टिमेट होतं एक लाख बत्तीस हजार.

मोठ्या कामाला डीलर स्वतः हो म्हणू शकत नाही, फोटो आणि सर्विस हिस्ट्री कंपनीकडे जाते आणि माझ्या केसमध्ये त्यांचा इंजिनियर येऊन बघून गेला, तोही नवव्या दिवशी. मधेच ॲडव्हायझरनं सांगितलं की तुमची एक सर्विस ७०० किलोमीटर उशिरा झालीय आणि गरम गाडी तुम्ही चालवत राहिलात, क्लेम नाही होणार. मी एवढंच म्हटलं, नाकारायचं तर कारण लेखी द्या, कंपनीच्या ईमेलवरून. आणि बायकोचा फोटो आणि टोइंगची पावती समोर ठेवली, दोन्हीवर किलोमीटरचा आकडा एकच! म्हणजे गाडी तिथून एक किलोमीटरही चालली नव्हती. चार दिवसांनी अप्रूवल आलं. नसतं आलं तर १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचं मी ठरवलेलंच होतं.

काम केलं ते एका वयस्क मेकॅनिकनं आणि त्यांच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो. त्यांनी मला आत बोलावलं, हेड उलटं ठेवलं, त्यावर सरळ पट्टी धरली आणि मधून उजेड दिसतोय तो दाखवला. हेड ॲल्युमिनियमचं, जास्त तापलं की वाकतं, मग गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, कितीही नवीन टाका, परत जाणार, म्हणून ते म्हणाले नुसतं फेसिंग (घासून सपाट करणं) नको, हेडच बदला असं मी लिहून देतो. आणि दिलं. हेडचे बोल्टही नवीन मागवले, कारण या इंजिनात ते एकदा ताणले की परत वापरायचे नसतात. नवीन हेड, गॅस्केट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळं वॉरंटीत. मला बिल आलं ६,८४० रुपये, ऑइल, ऑइल फिल्टर आणि कूलंटचं, ते वॉरंटीत धरत नाहीत. जुने पार्ट मिळाले नाहीत, क्लेममध्ये ते कंपनीकडे जातात, पण मी फोटो काढून घेतले. ब्लॉक, म्हणजे हेडखालचा इंजिनचा मुख्य भाग, बदलला नाही हे बरं झालं, इंजिन नंबर ब्लॉकवरच असतो, तो बदलला की आरसी आणि इन्शुरन्स दोन्हीकडे नोंद करत बसावं लागतं.

२३ दिवसांत बदली गाडी दिली नाही, स्वतःहून एक फोन केला नाही, दर वेळी मीच विचारायचं. डिलिव्हरीनंतर आठवड्यानं वरच्या कव्हरमधून ऑइल झिरपायला लागलं, ते मात्र त्याच दिवशी पैसे न घेता करून दिलं.

मेकॅनिकला पाचपैकी पाच, फ्रंट ऑफिसला दोन. आज गाडी ६६ हजारांवर आहे, कूलंटच्या बाटलीवर मी स्केच पेननं रेघ मारून ठेवलीय आणि पातळी अजून रेघेवरच आहे.