क्लोरीन मीटर : पावसाळ्यापासून वापरतोय, यंत्राला साडेतीन स्टार, काचेच्या कुपीला शून्य

कुपी फुटली म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर कंटाळा होता. खिशात मावणारं डिजिटल क्लोरीन मीटर, डीपीडी पावडरवालं (पुडी पाण्यात टाकली की क्लोरीनमुळे गुलाबी रंग येतो), आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीसाठी कमिटीने माझ्या गळ्यात मारलं. स्पेक्स सगळीकडे आहेत, ते परत टाकत नाही.

तर कुपी. १० मिलीची, साधी काचेची, वर पांढरी खूण. फुटल्यावर कस्टमर केअरला फोन केला, तर "सर, सुटी नाही मिळत, सेटच घ्यावा लागेल". सेटमध्ये काय, दोन कुप्या, झाकणं आणि एक पुसायचं फडकं. फडकं! म्हटलं मॅडम फडकी आमच्या घरात आहेत, मला एक बाटली द्या. तीन वेगवेगळ्या माणसांनी तेच वाक्य ऐकवलं. दुसरी कुठलीही बाटली चालत नाही हेच दुखणं आहे, कारण यंत्र काचेतून प्रकाश सोडून रंग मोजतं. आधी त्याच कुपीत साधं पाणी ठेवून झीरो करायचं, मग पुडी टाकून रीडिंग, दोन्ही वेळा खूण समोर. काचेवर बोटाचा ठसा, ओरखडा, आत बुडबुडा, काहीही असलं की आकडा हलतो. म्हणजे अख्खं मशीन ज्या वस्तूवर उभं आहे तीच सुटी विकायची नाही.

आता बरं बोलतो. आधी आमच्याकडे ओटीची बाटली होती, थेंब टाका आणि पिवळं झालं की पाणी ओके. गावाकडे ओटी टेस्टच म्हणतात, स्वस्त आहे, पण त्यात एकूण क्लोरीन कळतो. अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही पिवळा रंग देतो, आणि तो जंतू मारायला फार कमकुवत. शिवाय ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन, हे केमिकल कॅन्सरच्या संशयितांत आहे, आणि आमच्याकडे टेस्ट झालेलं पाणी सर्रास टाकीतच परत ओतायचे! डीपीडीत गुलाबी रंग येतो आणि मोकळा, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला, क्लोरीन वेगळा कळतो, फक्त रीडिंग मिनिटाभरात घ्या, उशीर केला की बांधलेला क्लोरीनही हळूहळू रंग द्यायला लागतो आणि आकडा उगाच चढतो.

पहिले काही आठवडे मी या यंत्रावर वैतागलो होतो. खालच्या टाकीत पाणी पडतं तिथे ०.४, वरच्या मजल्यावर सकाळी ०.०५. म्हटलं डबडं आहे. आयएस १०५०० मध्ये, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, नळापाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर पाहिजे असं आहे, विषाणूंची भीती असेल तर ०.५. कमिटीत लगेच टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका म्हणून गलका. मग मी टप्प्याटप्प्याने मोजलं, आणि यंत्र बरोबरच होतं. आमची खालची टाकी गरजेपेक्षा मोठी, पाणी दोन दोन दिवस पडून राहायचं, तळाला गाळ, तो क्लोरीन खाऊन टाकायचा. पावडर एक चिमूटही न टाकता टाकी साफ केली, फ्लोट खाली घेतला म्हणजे टाकीत पाणी कमीच भरेल, वरच्या नळाला ०.२ च्या वर यायला लागलं. इथे माझं मत बदललं, एवढ्यावर पैसे वसूल.

पण मग टाकी धुणाऱ्या ठेकेदाराच्या पोराने मुठीने टीसीएल टाकली. वॉचमन मामा म्हणाले, साहेब स्विमिंग पूलसारखा वास येतोय. मीटर म्हणतंय ०.०२! पुडी टाकल्यावर क्षणभर गुलाबी झालं आणि पुन्हा पांढरं फटक. क्लोरीन फार असला की डीपीडीचा रंगच उडतो, आणि हे माहितीपत्रकात एका ओळीनेही नाही. काकूंकडून आरओचं पाणी आणलं, एक भाग टाकीचं आणि एकोणीस भाग आरओचं, रीडिंग ०.९, गुणिले वीस म्हणजे १८. असं पाणी 'शून्य' म्हणून कुणी प्यायला सोडलं असतं तर? नाक हे यंत्रापेक्षा स्वस्त आहे, वास येत असेल आणि मीटर शून्य म्हणत असेल तर पाणी पातळ करून बघा.

(जाता जाता, आरओच्या पाण्यात शून्यच येणार, कार्बन फिल्टर क्लोरीन खातो. दर आठवड्याला कुणीतरी ग्लास घेऊन दारात येतं. ते पाणी फक्त माठात चार दिवस ठेवू नका, त्याला संरक्षण काही उरलेलं नसतं.)

ते १८ वालं पाणी कुठे सोडायचं हा दुसरा वाद. आमच्याकडची पावसाळी गटार नासर्डीला जाते, नंदिनी म्हणा, आणि ती पुढे टाकळीला गोदावरीला. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी थोड्या वेळाच्या संपर्काची मर्यादा ०.०१९ मिलिग्रॅम ठेवलीय, नळाच्या पाण्यात चालतं त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. नदीत आधीच काय काय जातं म्हणून एकाने खांदे उडवले, पण मी ऐकलं नाही. केमिकलच्या दुकानातून हायपो आणला, सोडियम थायोसल्फेट, मासे पाळणारे वापरतात तोच, थोडा थोडा टाकून गुलाबी रंग येणं बंद होईपर्यंत मोजत बसलो. आणि इथेच या मीटरची हद्द संपते. अचूकता ±०.०३ लिहिलीय, म्हणजे ती ०.०१९ ची मर्यादा याला दिसतच नाही. सोडायच्या पाण्यासाठी घेत असाल तर विसरा, पिण्याच्या पाण्यासाठी पुरतं.

खर्च सांगतो, एका पुडीला साधारण वीस रुपये पडतात, त्यामुळे रोजची टेस्ट बंद करून सोमवारची केलीय, शिवाय टँकर आला तर. एकट्या घरासाठी अजिबात घेऊ नका. चाळीसेक फ्लॅट असतील आणि एखादा चिकट माणूस कमिटीत असेल तर घ्या. पुड्या मात्र पावसाळ्याआधी साठवू नका, फॉइलला बारीक भोक असलं तरी आत दमट होऊन गुठळ्या होतात. माझ्या शेवटच्या पाकिटात निम्म्या तशाच निघाल्या, आणि त्याची तक्रार नोंदवायला कस्टमर केअरने फोटो मागितलेत, उघडलेल्या नाही, बंद पुड्यांचे.