‘३ दिवसांत पक्का दात’, आणि हातात स्टिकरसुद्धा नाही

यावल तालुक्यातल्या एका गावात दातांचं शिबिर झालं. तपासणी मोफत, आणि त्याच मांडवात इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू रोवून बसवायच्या दाताचा, इसार. खालची दाढ गेलेल्या एका आजींना सांगितलं, ३ दिवसांत पक्का दात, २० हजारांत सगळं. तिसऱ्या दिवशी दात बसलाही. दोन महिन्यांत कळण्याची भाकरी चावताना तो हलू लागला. खालचा ओठ तर पहिल्या दिवसापासून बधिर आहे, तो अजूनही तसाच.

बसवला होता मिनी इम्प्लांट: जाडी ३ मिमीपेक्षा कमी, स्क्रू आणि वरचा खुंट एकाच तुकड्यात. खालची कवळी अडकवायला तो चांगला, पण एकट्याने दाढेचा भार पेलणं त्याचं काम नाही. दाढेला साधारण ४ ते ५ मिमी जाडीचा लागतो. त्यात हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर अबटमेंट म्हणजे खुंट, त्यावर कॅप. इथे फसवणुकीचा दुसरा प्रकार चालतो: आधी सांगितलेला आकडा नुसत्या स्क्रूचा निघतो. तिन्हींचे दर वेगवेगळे लिहून घ्या.

टायटॅनियमला हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने लागतात, वरच्यात ४ ते ६. लगेच दात देता येतो हेही खरं आहे, म्हणूनच थाप पचते. पण त्यासाठी स्क्रू साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर (पिळण्याच्या जोराचं माप) इतका घट्ट बसावा लागतो, आणि वरचा तात्पुरता दात चावताना टेकणार नाही असा ठेवतात. आजींना तिसऱ्याच दिवशी भाकरी खायला सांगितलं होतं. मिश्री लावता का, साखर किती, हे कुणी विचारलं नाही. दोन्हींमुळे हाड नीट धरत नाही.

ओठ बधिर झाला तो नसेमुळे. खालच्या जबड्यातल्या नसेपासून इम्प्लांट किमान २ मिमी वर हवा. ते अंतर नेमकं सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनवर कळतं. इथे साध्या एक्स-रेवर काम भागवलं, आणि त्यात हाडाची रुंदी दिसतच नाही. भूल उतरूनही ओठ बधिर असेल तर ‘होईल हळूहळू’ ऐकू नका, त्याच दिवशी स्कॅन करा. दीड दिवसाच्या आत इम्प्लांट काढला तर नस सावरण्याची आशा जास्त.

इम्प्लांटच्या डबीतच कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर असलेले स्टिकर येतात. डबी समोर फोडायला सांगा, एक स्टिकर आपल्या कार्डावर लावून घ्या. पुढे स्क्रू सैल झाला तर कंपनी कळल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला योग्य चावी सापडत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, तिथेही हेच कागद लागतात. आजींकडे आहे ती फक्त एक चिठ्ठी: ‘दात – २०,०००’. खाली सही नाही.