डॉलहाऊसचा जिना: सरळ की वळणाचा?

डॉलहाऊसच्या, म्हणजे बाहुलीघराच्या, १:१२ मापाच्या (खऱ्या एका फुटाला एक इंच) जोडायच्या किटमध्ये बहुतेकदा सरळ जिनाच येतो. मजल्याची उंची ९ इंच धरली, तर ४५ अंशांत बसवलेला जिना जमिनीवरही ९ इंच खातो. खोलीच जेमतेम १२ इंच खोल असेल, तर सोफा ठेवायचा कुठे? पण जिना वर जाण्यासाठी छताला लागणारी खाच आधीच कापलेली असते, पायऱ्या तयार असतात. नवख्याने हाच घ्यावा.

वळणाच्या जिन्याला मध्ये साडेचार इंच उंचीवर ३ बाय ३ इंचांचा चौथरा द्यायचा. मग कोपऱ्यातल्या दोन्ही भिंतींलगत साडेसात-साडेसात इंच लागतात, मधली जमीन मोकळी राहते आणि चौथऱ्याखाली कपाट बसतं. मात्र छताची जुनी खाच बुजवून नवी कापावी लागते. ती आखूड पडली, तर सहा इंची बाहुलीचं डोकं आपटलंच! शिवाय वळणावर कठड्याचा कोन जुळवताना घाम फुटतो.

मला वळणाचाच आवडतो. फक्त फेव्हिकॉल लावण्याआधी पुठ्ठ्याचा जिना मास्किंग टेपने चिकटवून पाहा. आणि वॉलपेपर जिन्याआधी. नंतर पायऱ्यांमागे बोट शिरत नाही.