एम.ए. मराठीचं गाईड : 'धग' आणि 'बारोमास'ची तुलना, ५ पैकी २

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं शिलाईचं काम आहे. त्यासोबत बाहेरून एम.ए. करते आहे. तालुक्याला ब्लाऊजचं अस्तर घ्यायला गेले, तेव्हा एका स्टेशनरीच्या दुकानातून हे गाईड आणलं. किंमत १८० रुपये. प्रकाशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझं भांडण नावाशी नाही, पुस्तकात जे छापलं त्याच्याशी आहे.

आधी चांगलं सांगते. टाइप मोठा आहे. रात्री मशीनवरच्या दिव्यात वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही. मागच्या परीक्षांचे प्रश्न एकत्र दिलेत, त्यानं अभ्यास कुठून धरायचा ते कळतं. बाइंडिंग मात्र कच्चं. महिनाभरात मधली पानं सुटली, मी ती दोऱ्यानं टाचून घेतली.

आता मुद्द्याचं. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) आणि सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) यांच्या तुलनेचा एक खास प्रश्न यात सोडवून दिला आहे. डावीकडे 'धग', उजवीकडे 'बारोमास', मधे रेघ. आशय : दोन्हींत दारिद्र्य. भाषा : दोन्हींत वऱ्हाडी. शैली : दोन्हींत वास्तववादी. दोन्हीकडे तेच लिहायचं होतं तर मधे रेघ तरी कशाला मारली? परीक्षेत हे लिहून मार्क मिळतीलही. पण मी दोन्ही कादंबऱ्या वाचल्या आहेत, आणि त्या इतक्या सारख्या नाहीत.

'धग' शेतकऱ्याची कादंबरी नाही. तिची नायिका कौतिक, तिचं घर शिंप्याचं. नवरा महादेव, त्याचा धंदा बसत नाही आणि घर कौतिकच्या मजुरीवर येऊन पडतं. तिला रोज उठून आजचं भागवायचं असतं. 'बारोमास'मधल्या एकनाथच्या घरी जमीन आहे, आणि त्या घराचं दुखणं जमिनीपासूनच सुरू होतं. पिकत नाही, पिकलं तर भाव नाही, सोडावी म्हटलं तर सोडवत नाही. एकीकडे हातात काही नसलेल्या माणसांची गरिबी, दुसरीकडे सातबारा नावावर असलेल्यांची. दोन्हीला एकच 'दारिद्र्य' म्हणून कसं चालेल? आमच्याच गल्लीत दोन्ही घरं आहेत आणि त्यांची भांडणं वेगळी असतात.

नावांकडेही गाईडनं पाहिलं नाही. धग लागायला जाळात हात घालावा लागत नाही, नुसतं जवळ असलं तरी लागते. कौतिकचं आयुष्य तसंच आहे. बारोमास म्हणजे बाराही महिने, एक हंगाम संपला की दुसरा दारात. पहिल्या नावात आच आहे, दुसऱ्यात न संपणारा काळ. शैलीही त्याच अंगानं जाते. शेळके फार समजावून सांगत नाहीत, माणसं बोलतात आणि आपल्याला कळतं. देशमुखांचा एकनाथ शिकलेला, त्यामुळे त्याच्या मनातले विचार लांबत जातात, म्हणी आणि लोकगीतं सोबत घेऊन.

सगळ्यात मोठी गोष्ट तर या गाईडात एका ओळीनंही नाही. कौतिकची सगळी धडपड मुलाला, नामाला, शिकवायची. पोरगं शिकलं की घर वर येईल, एवढ्या एका आशेवर ती राबते. ४२ वर्षांनी आलेल्या 'बारोमास'मध्ये एकनाथ एम.ए. होऊन बसला आहे आणि नोकरी नाही. शिक्षक व्हायचं तर संस्थेला द्यायला पैसा हवा. शहरातून आलेल्या बायकोला, अलकाला, या घरात राहवत नाही. एका कादंबरीची आशा दुसऱ्या कादंबरीचं दुःख झालं आहे. मला हे रात्री साडेअकराला फॉल लावता लावता सुचलं आणि मी मशीन थांबवली. माझा मुलगा दहावीत आहे, आतल्या खोलीत झोपला होता.

भाषेचं तर वाईटच वाटलं. हिंगणघाटला जन्मलेले शेळके अमरावतीकडचं बोलणं लिहितात, अमडापूरचे देशमुख बुलढाण्याचं. वऱ्हाडी दोन्ही, पण बुलढाण्याला एका अंगानं जालना, दुसऱ्या अंगानं जळगाव लागून आहे, बोलण्याची ढब बदलते. गाईडला त्याचं काहीच नाही. उताऱ्यांतले संवाद 'शुद्ध' करून टाकलेत. 'मले'चं 'मला', 'तुले'चं 'तुला', 'डोये'चे 'डोळे'. ज्या भाषेचं कौतुक करायचं तीच पुसून टाकली. शेवटी शब्दार्थ आहेत, त्यात 'काहून' म्हणजे 'कसे' आणि 'वावर' म्हणजे 'फिरणे'. काहून म्हणजे का. वावर म्हणजे शेत. शेजारची बी.ए.ची पोरगी माझ्याकडे ड्रेस शिवायला आली, ते पान वाचून म्हणाली, "काकू, वावर म्हंजे फिरनं कसं हो? आपलं वावर तं जागच्या जागीच हाये."

हा अर्थ पाठ करून शहरातली मुलं पेपर लिहितील. इथली मुलंही लिहितील, कारण छापलेलं खरं असतं असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं असतं.

प्रश्नसंच हवा असेल तर घ्या. तुलनेचा प्रश्न यातून करू नका. दोन्ही कादंबऱ्या मिळवा, तालुक्याच्या वाचनालयात विचारा, मला तिथंच मिळाल्या. आधी 'धग' वाचा, मग 'बारोमास', याच क्रमानं. वाचताना कोण कुणाला काय म्हणतं ते वहीत जसंच्या तसं उतरवा. माझ्या उत्तराला तेवढ्याच वहीचा उपयोग झाला.

दुकानदार गाईड परत घेत नाही. शब्दार्थांची चार पानं मी पेन्सिलीनं दुरुस्त केली आहेत आणि परीक्षा झाली की प्रत त्या शेजारच्या पोरीला देणार आहे.